परक्या घरचे पान : आनंदीबाई जोशी व पंडिता रमाबाई यांच्या परदेशवासातील अन्न आणि सख्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी गेलेल्या मराठी स्त्रियांच्या लेखनाकडे अभ्यासकांनी बहुधा समाजसुधारणेच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले आहे. समुद्रगमन, धर्मांतर व स्त्रीशिक्षण या तीन विषयांच्या चौकटीत हे लेखन बसविले जाते आणि चौकटीबाहेर जे उरते ते किरकोळ तपशील म्हणून सोडून दिले जाते. चुलीचा धूर, थंडीत उघडे पडणारे पाय, अंडे घातलेला गोड पदार्थ, कोणाच्या तरी हातचा घास, पत्राची वाट पाहणे, हा तो उरलेला भाग. चरित्रकार त्याचा उपयोग फार तर नायिकेची निष्ठा किंवा तिचे हाल दाखविण्यापुरता करतात. वस्तुतः परक्या देशात माणूस रुळतो कसा, या प्रश्नाचे उत्तर या लेखनात कोठे असेल तर ते याच भागात आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी व पंडिता रमाबाई या दोघींनी एकाच महिन्यात, एप्रिल १८८३ मध्ये, हिंदुस्थानचा किनारा सोडला. आनंदीबाई ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघाल्या व लंडनमार्गे जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला पोचल्या. रमाबाई मुंबईहून इंग्लंडला गेल्या. एकीचा पती मागे राहिला होता. दुसरी विधवा होती व तिच्याजवळ दोन वर्षांची मुलगी होती. एकीने निघण्यापूर्वीच हिंदू म्हणून जाण्याचा व हिंदू म्हणूनच परत येण्याचा निश्चय जाहीर केला होता. दुसरीने इंग्लंडात पोचल्यावर काही महिन्यांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, बाप्तिस्मा घेतला. धर्माच्या दृष्टीने दोघींचे मार्ग असे फुटले. पानात काय घ्यावयाचे याबाबतीत मात्र दोघी अखेरपर्यंत एकाच जागी राहिल्या. दोघींनीही मांसाहार केला नाही. शाकाहार हा केवळ धर्मनिष्ठेचा भाग मानला तर रमाबाईंच्या वर्तनाचा उलगडा होत नाही. त्याला केवळ हट्ट म्हटले तर आनंदीबाईंच्या पत्रव्यवहारातील सौम्यपणाचा होत नाही.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. ब्राह्मणी घरातील अन्ननियमाला दोन अंगे असत : काय खावे, आणि कोणाच्या हातचे खावे. त्या काळच्या पुण्यात दुसऱ्या अंगाचे महत्त्व पहिल्याहून तसूभरही कमी नव्हते. मिशनऱ्यांच्या बैठकीत चहा घेतल्याच्या कारणावरून १८९० नंतर पुण्यात केवढे काहूर उठले व ते प्रकरण कोठपर्यंत गेले, हे सर्वश्रुत आहे. बोटीवर पाऊल ठेवताच हे दुसरे अंग गळून पडणे अपरिहार्य होते. ख्रिस्ती कुटुंबात राहून, ख्रिस्ती स्त्रियांच्या मेजाशी बसून सोवळे राखणे शक्यच नव्हते. आनंदीबाई व रमाबाई या दोघींनी जे राखले ते पहिले अंग. म्हणजे मायदेशी जो नियम जातीजातींतील अंतर राखण्याचे साधन होता, त्यातील अंतराचा भाग परदेशात नाहीसा झाला आणि पानातील पदार्थाचा भाग तेवढा उरला. हा उरलेला नियम मूळच्या नियमासारखा दिसतो. त्याचे कार्य मात्र बदललेले असते. मूळ नियम माणसाला पंक्तीबाहेर ठेवण्यासाठी होता. हा नियम परक्या पंक्तीत आपल्या अटीवर बसता यावे यासाठी आहे. त्या अटीला जातीचा वास मुळीच नव्हता असे मात्र नाही. जे त्यांनी आपले म्हणून जपले ते विशिष्ट जातीच्या स्वयंपाकघरातूनच आलेले होते, आणि दोघींच्या गौरवपर चरित्रांत ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

आनंदीबाईंच्या बाबतीत या साऱ्या व्यवहाराचे केंद्र म्हणजे न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडोशिया कार्पेंटर. या स्नेहाचा उगम सुपरिचित आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी जो पत्रव्यवहार केला तो एका मिशनरी मासिकात छापून आला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता तो कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला, आणि १८८० मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. मिशनऱ्यांच्या उत्तरामागे धर्मांतराची अपेक्षा होती. कार्पेंटरबाईंच्या पत्रामागे ती नव्हती. पुढील तीन वर्षांत दोघींनी एकमेकींना न पाहता एकमेकींची घरे पाहिली असे म्हणावयास हरकत नाही. चालीरीती, सण, विवाह, दुखणीखुपणी असे सारे विषय पत्रांत येतात. आनंदीबाईंची प्रकृती बंगालमध्ये असतानाच ढासळू लागली होती, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. परदेशच्या अन्नाच्या कितीतरी आधी परदेशचे औषध घरात आले, आणि ते पाठविणारी व्यक्ती त्याच्या मोबदल्यात काही मागत नव्हती. या क्रमाकडे चरित्रकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

श्रीरामपूर येथे फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी जे भाषण केले त्यात आपल्या जाण्यासंबंधी लोक विचारीत असलेल्या प्रश्नांना त्यांनी एकामागून एक उत्तरे दिली आहेत. त्यांतील एक प्रश्न बहिष्काराचा. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर असे की, आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहणार. रीतिरिवाज, अन्न व वस्त्र यांत बदल करणार नाही. ही प्रतिज्ञा बहुतेक सर्व चरित्रांत आदराने नमूद होते. परंतु तिची दोन अंगे अमेरिकेत सारख्याच रीतीने टिकली नाहीत, हे पाहणे उद्बोधक आहे. वस्त्राच्या बाबतीत आनंदीबाईंनी तडजोड केली. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात व फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते सोसण्याजोगे नव्हते. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. येथे प्रतिज्ञेचे शब्द मोडले, पण तिचा आशय मोडला असे त्यांना वाटले नसावे, कारण थंडीवरचा उपाय त्यांना देशातल्याच एका प्रांतात सापडला. अन्नाच्या बाबतीत असा मधला मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. वस्त्राला गुजरात होता, पानाला नव्हता.

रोझेल येथील उन्हाळा आणि फिलाडेल्फिया येथील वास्तव्य यांतील फरक नेमका याच जागी आहे. रोझेल येथे आनंदीबाई कुटुंबात होत्या. तेथे त्यांनी कार्पेंटरबाईंच्या परिचित मंडळींना आपल्याकडील पद्धतीचे जेवण स्वतः रांधून घातले, असा प्रसंग चरित्रांत येतो. चरित्रकार त्याकडे बहुधा एक मौज म्हणून पाहतात. परंतु पाहुण्याचे यजमान होणे ही परक्या घरातील फार मोठी घटना असते. जो दुसऱ्याचे खातो तो कितीही सन्मानाने वागविला गेला तरी आश्रितच राहतो. ज्या दिवशी तो त्याच घरात इतरांना वाढतो त्या दिवशी त्या घरात त्याला स्वतःची जागा मिळते. आनंदीबाईंचे वय त्या वेळी अठरा वर्षांचे होते. मायदेशी त्यांच्या वयाच्या सुनेला रांधणे हे कर्तव्य होते, वाढणे ही चाकरी होती. तेच काम रोझेल येथे प्रतिष्ठेचे झाले.

ऑक्टोबर १८८३ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर हे स्वरूप पालटले. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांची माया कमी नव्हती. परंतु स्वतंत्र खोली, नीट न पेटणारी व धूर ओकणारी शेगडी, अभ्यासाचा भार आणि रोजचा स्वयंपाक एकट्याने करण्याची वेळ, या सर्वांत अन्न हा सख्याचा विषय न राहता श्रमाचा विषय झाला. रांधून खाण्यास कोणी सोबत नसले म्हणजे माणूस थोड्यात भागवितो. आनंदीबाईंचे दुखणे शाकाहारामुळे बळावले, असा एक समज त्यांच्या हयातीतच होता व तो अद्यापि अधूनमधून व्यक्त होतो. त्यात तथ्याचा अंश किती, हे ठरविताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. त्यांना जडलेला क्षयरोग त्या काळी असाध्यच होता. त्याचा जंतू कॉखने १८८२ मध्ये शोधून काढला होता, परंतु त्यावर परिणामकारक औषध मिळण्यास १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. दुसरी गोष्ट अशी की, भाजीपाल्याच्या आहाराने प्रकृती राखता येत नाही असे नव्हे. तो आहार सिद्ध करून देणारे घर नसणे ही खरी अडचण होती. रोझेलमध्ये घर होते, फिलाडेल्फियात खोली होती.

काशीबाई कानिटकरांचे ‘कै. सौ. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र व पत्रे’ आणि कॅरोलाइन डॉल यांचे १८८८ मध्ये बोस्टन येथे प्रसिद्ध झालेले इंग्रजी चरित्र ही या विषयाची दोन प्रमुख साधने होत. (काशीबाईंच्या ग्रंथनामात ‘डॉ.’ ही उपाधी ‘कै.’ व ‘सौ.’ यांच्या मागून येते, हेही त्या काळाचे एक चित्रच आहे.) दोन्ही ग्रंथ नायिकेच्या मृत्यूनंतरचे आहेत. त्यामुळे शेवट ठाऊक असलेल्या लेखिकेच्या हातून प्रत्येक थंडीचा, प्रत्येक उपवासाचा उल्लेख त्या शेवटाची पूर्वसूचना म्हणून होतो. पत्रे वाचताना हा रंग वेगळा काढून ठेवावा लागतो. पत्र लिहिणाऱ्या मुलीला २६ फेब्रुवारी १८८७ ही तारीख ठाऊक नव्हती. ती हालांची नोंद करीत नसून आपल्या जिवलग माणसाला दिवसाची हकीगत कळवीत होती.

त्यातून भाषेचा एक प्रश्न उद्भवतो. कार्पेंटरबाईंशी आनंदीबाईंचा व्यवहार इंग्रजीत होता, व त्यांना त्या ज्या नात्याने हाक मारीत तो इंग्रजी शब्द मराठीतील चार नात्यांना पुरतो. मराठीत येताना त्याला मावशी, आत्या, काकू, मामी यांपैकी एक व्हावेच लागते. मराठी चरित्रपरंपरेने ‘मावशी’ हा शब्द स्वीकारला, आणि ही निवड निरर्थक नाही. आत्या व काकू या सासरमाहेरच्या अधिकाराच्या कक्षेतील बाया. मावशी ही आईच्या बाजूची, अधिकार नसलेली आणि माया असलेली. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण ज्या भाषेत आहे तिच्यात हा शब्द उच्चारताच रोझेलचे घर आजोळ होते. आनंदीबाईंच्या रक्षेचे जे झाले त्यावरून ही निवड योग्य ठरते. गोपाळरावांनी ती रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली व त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविली. मात्र इंग्रजीतील सैल शब्दाला मराठीने एवढे घट्ट नाते दिले, हे अनुवादाचे कार्य आहे हे अभ्यासकाने जाणून असावे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने व त्याच नावाच्या २०१९ मधील चित्रपटाने ही कथा पतिपत्नींची म्हणून लोकमानसात रूढ केली. नाट्य तेथे अधिक आहे यात शंका नाही. पण त्या नाट्याच्या प्रखर प्रकाशात मावशी अंधारात गेली. फिलाडेल्फियातील तीन वर्षे कोणाच्या आधारावर निभावली, हा प्रश्न त्या कथानकात गौण ठरतो.

रमाबाईंच्या वाट्याला अशी मावशी आली नाही. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळाने त्यांना आश्रय दिला आणि सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या धर्ममाता झाल्या. माया तेथेही होती, परंतु तिच्याबरोबर अधिकार होता. वाँटेजचे पहिले वर्ष भयंकर गेले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्मघात केला. त्यानंतरच्या एकाकीपणात रमाबाईंना मैत्रीची किती आवश्यकता होती, हे सांगावयास नको. तरीही मैत्रीच्या मोबदल्यात जे मागितले गेले ते देण्याचे त्यांनी नाकारले. त्यांनी धर्म स्वीकारला, त्याबरोबर आहारही स्वीकारावा अशी अपेक्षा होती. मांस व अंडी न खाण्यात जेराल्डाइनना जातीचा उरलेला अभिमान दिसला. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये नसून संस्कृतमध्ये असावीत, हा रमाबाईंचा आग्रहही त्याच अभिमानाचे लक्षण ठरला.

या आरोपाला रमाबाईंनी पत्रातून दिलेले उत्तर हा एकोणिसाव्या शतकातील गद्याचा एक अस्सल नमुना आहे. ते इंग्रजीत असले तरी त्यामागचा स्वभाव पंडिताघरच्या वादविवादात तयार झालेला आहे. पूर्वपक्ष मान्य करून त्यालाच विडंबनाच्या टोकास नेण्याची युक्ती त्या वापरतात. माझा अभिमान शोधावयाचा असेल तर तो पुडिंगात शोधा, लोण्यादुधात शोधा, भातात शोधा, पायांतील जोड्यांत व मोज्यांत शोधा, रोज जाळल्या जाणाऱ्या कोळशातही शोधा, अशा आशयाची ती यादी आहे. यादी खाद्यपदार्थांनी सुरू होते आणि कोळशावर येऊन थांबते. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या प्रत्येक वस्तूचा हिशेब कोणीतरी ठेवीत असतो, याची जाणीव त्या शेवटच्या शब्दात आहे. त्यामागोमाग येणारा मुद्दा तर्कशुद्ध आहे : आपल्या पूर्वजांची जी चाल ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध नाही ती सोडण्याचे कारण काय? आहार हा धर्माचा भाग नव्हे असे ख्रिस्ती मंडळीच सांगत होती. मग तो बदलण्याचा आग्रह तरी धर्माच्या नावाने कसा धरता येईल?

ही पत्रे जेराल्डाइन यांनीच जमवून ठेविली, आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. जिच्याशी वाद घातला तिनेच वाद जपून ठेविला, ही गोष्ट त्या नात्याविषयी पुष्कळ सांगते. जेराल्डाइनना केवळ कठोर धर्ममार्तंड ठरविणारे वाचन म्हणूनच अपुरे आहे. त्यांना रमाबाई हव्या होत्या. फक्त आपल्यासारख्या झालेल्या हव्या होत्या. कार्पेंटरबाई व जेराल्डाइन यांच्यात जो भेद आहे तो मायेच्या प्रमाणाचा नसून मायेच्या अटीचा आहे.

मार्च १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी. तो ११ मार्च रोजी झाला. थोड्या दिवसांसाठी केलेला हा प्रवास अडीच वर्षांहून अधिक लांबला. बॉडलीबाईंनी त्यांच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या पुस्तकास प्रस्तावना लिहिली, फ्रान्सिस विलर्ड यांच्यासारख्या कार्यकर्त्या मैत्रिणी झाल्या, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाईंच्या नावाने मंडळ स्थापन झाले. या वास्तव्याचे फळ म्हणजे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९). या ग्रंथात वाँटेजच्या पत्रांतील कडवट विनोद नाही. लेखिका स्वतःविषयी जवळजवळ बोलतच नाही. पाहुणी निरीक्षक झाली आहे. राज्यव्यवस्थेइतक्याच गंभीरपणे ती घरगुती स्थितीचे वर्णन करते. टोपीवर मेलेल्या पक्ष्यांची पिसे मिरविणाऱ्या स्त्रियांवर ती कोरडे ओढते तेव्हा आतापर्यंत स्वतःच्या पानाच्या बचावासाठी वापरलेले भूतदयेचे तत्त्व प्रथमच यजमानांच्या परीक्षेसाठी वापरले जाते. असे बोलण्याचा अधिकार परक्या देशात रुळलेल्या माणसालाच असतो. नवखा माणूस एक तर स्तुती करतो किंवा गप्प बसतो. मराठी प्रवासवाङ्मयात पुढे हा अधिकार विनोदाच्या रूपाने प्रकट झाला, ‘अपूर्वाई’ (१९६०) हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. तथापि तेथे परदेशचे अन्न ही रुचीची बाब आहे, प्रतिज्ञेची नव्हे. आणि लेखकाला घरी परतावयाचे आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य करण्याचे मान्य केले होते. या सदनात विधवा मुलींना आपापले अन्ननियम व सोवळे पाळण्याची मुभा ठेविली होती. ख्रिस्ती संचालिका, अमेरिकन स्नेह्यांचे द्रव्य आणि ब्राह्मणी स्वयंपाक, असा हा संयोग. पुढे १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे व भांडारकर यांनी सदनाचा सल्लागार म्हणून असलेला संबंध सोडला आणि या मुभेकडे एक डावपेच म्हणून पाहिले जाऊ लागले. उलट बाजूने, जातीची बंधने तोडावयास निघालेल्या स्त्रीने ती स्वयंपाकघरात तशीच राहू दिली, हा आक्षेपही घेता येतो व तो निराधार नाही. परदेशात गळून पडलेले ‘कोणाच्या हातचे’ हे अंग शारदासदनात पुन्हा आत आले होते. परंतु वाँटेजची पत्रे वाचलेल्या अभ्यासकाला या मुभेचा आणखी एक अर्थ दिसल्यावाचून राहत नाही. घर सोडून परक्या छपराखाली आलेल्या मुलीकडून पहिल्याच दिवशी काय मागू नये, हे रमाबाईंना जेराल्डाइन यांच्या मेजावर कळले होते.